बिनऔषधाची सरी

औषधाच्या दुकानात औषध मागितलं आणि दुकानदारीणच ‘घेऊ नका’ म्हणाली, तेव्हा हौसरावांना पहिला संशय आला.

संशय येण्याजोगंच होतं. त्यांची सगळी हयात शेतीच्या औषधांच्या दुकानांत गेली होती. कांद्यावर करपा आला म्हणून एक बाटली आणायला जावं, तर दुकानदार सोबत चिकटद्रव्य, फुटव्याचं टॉनिक आणि मुळीसाठी म्हणून काहीतरी काळं पाणी पिशवीत घालायचा, वर चहा पाजायचा. लुटायचीसुद्धा एक रीत होती. कोण कुणाला कशासाठी चहा पाजतोय हे दोघांनाही ठाऊक असायचं. पण वडगाव रासाईच्या स्टँडवरची ही सारिका चहा पाजत नव्हती, बाटली देत नव्हती आणि वर घरच्या चौकशा करत होती.

सारिका दौंडच्या रेल्वे कॉलनीतली पोर. लग्न होऊन वडगावला आली, फार्मसी शिकलेली होती म्हणून स्टँडवर मेडिकल टाकलं. दुपारची वेळ होती. काउंटरवर तिचा जेवणाचा डबा उघडा होता आणि डब्याला खेटून चहाचा कप.

“शक्तीची बाटली द्या सूनबाई. मोठी. खोक्यावर घोडा असंल तर बरं.”

“कुणाला पाहिजे आप्पा?”

“घरात पायजे.”

“घरात कुणाला?”

हौसरावांनी मागं वळून पाहिलं. बाकड्यावर एक कुत्रं झोपलं होतं. ते ऐकत नाही याची खात्री करून ते म्हणाले, “बायकूला.”

“काय होतंय काकींना?”

“काय होत न्हाई. तेच तर. आता कायच होत न्हाई तिच्याच्यानं. चालती तर भिंत धरून. कांदं लावाया बसली तर उठताना बाकीच्या बायांचा हात धरती. म्या म्हणलं बाटली पाजावी.”

“जेवतात का नीट?”

“जेवती की. माझं झाल्यावर.”

“दूध?”

“दूध डेअरीला जातं.”

“सगळं?”

“मग गाया कशाला पाळल्यात?”

“म्हणजे चहा कोरा. किती वेळा?”

“जवा बघावं तवा.”

“उपास?”

“सोमवार, गुरुवार, शनवार. एकादशी-चतुर्थी येगळी.”

“मग जेवतात कधी?”

“मधल्या वारी,” हौसराव म्हणाले. बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते जरा कमी वाटलं, म्हणून त्यांनी पुस्ती जोडली, “पोटभर.”

सारिकानं भाकरीचा तुकडा मोडला. “पायाला मुंग्या येतात का? जीभ लाल झालीय, तिखट लागलं की झोंबते, असं काही?”

“जीभ लय चालती येवढं ठाऊक हाय.”

“मी डॉक्टर नाही आप्पा, दुखण्याचं नाव मी सांगणार नाही. पण बाटली नेऊ नका. दौंडला जाऊन रक्त तपासा. बी-ट्वेल्व्ह आणि हिमोग्लोबिन. मग डॉक्टरला दाखवा.”

“तवर गोळ्या तरी द्या चार.”

“आधी गोळ्या खाल्ल्या तर रक्तात आकडा बरा दिसेल आणि खरं दुखणं दडून बसेल. तोवर एवढंच करा. पेलाभर दूध, वाटीभर दही रोज पोटात गेलं पाहिजे. जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. आणि त्यांना शेवटी नका बसवू जेवायला, शेवटी उरतो तो रस्सा.” एवढं बोलून तिनं घास गिळला आणि त्यावर चहाचा घोट घेतला.

हौसरावांनी ते बरोबर टिपलं. “आन् तुमचं वो?”

सारिकानं कपाकडं पाहिलं. “मला गिऱ्हाईकं जेवू देत नाहीत.”

“बरं, रगत तपासायला कुठल्या ल्याबला जायाचं?”

“कुठल्याही जा.”

हौसराव रिकाम्या हातानं बाहेर पडले. ल्याबचं नाव सांगितलं असतं तर तिथं तिचं कमिशन लागतं हे लगेच कळलं असतं. नाव सांगितलं नाही. माहेर दौंडचं, बाप रेल्वेतला, गावात सगळीकडं ओळख. म्हणजे दौंडातल्या सगळ्याच ल्याबा हिच्या, असा त्यांनी हिशेब लावला आणि ते घरी आले.

घरात दोघंच. पोरगा सतीश रांजणगावच्या कंपनीत, बिऱ्हाड शिरूरला. पुतळाबाई गोठ्यात गाईंसमोर बसल्या होत्या. गाईंच्या पेंडीत खनिज मिश्रणाची पावडर घालून, हातानं नीट कालवून, त्या एकेका घमेल्यात वाढत होत्या. पावडर चुकली की गाय बसते ती उठत नाही, हे डेअरीच्या डॉक्टरनं हौसरावांना बजावून सांगितलं होतं, आणि हौसरावांनी ते पुतळाबाईंना रोज बजावलं होतं.

“बाटली?” पुतळाबाईंनी विचारलं.

“दिली न्हाई.”

“का?”

“कायतरी हाय तिच्या मनात.”

पुतळाबाई उठल्या. उठताना त्यांनी गाईच्या पाठीवर हात ठेवला आणि गाय हलायची थांबेपर्यंत त्याही तशाच थांबल्या.

दुखण्यापेक्षा काळजी वेगळीच होती. यंदा कांदा लागणीला मजूर मिळत नव्हते, म्हणून आळीतल्या बायांनी सावड केली होती. आज सगळ्याजणी हिच्या रानात, उद्या तिच्या. सावडीत पैशाचा विषय नसतो, अंगाला अंग लागतं. जी बाई दुसरीच्या वाफ्यात बसली नाही तिच्या वाफ्यात कुणी बसत नाही. हौसरावांची पाळी शेवटची होती आणि त्यांचं रोप आत्ताच वीतभराच्या वर गेलं होतं. पुतळाबाई सावडीत बसल्या नाहीत तर रोप गादीवाफ्यातच जून होणार, आणि मग ते कांदे होण्याऐवजी फुलं होऊन हौसरावांकडं बघत बसणार. लावायची वेळ टळून रोप एकदा उतरलं की सगळं वर्ष उतरलं.

म्हणून पुतळाबाई रोज जात होत्या. आणि रोज कशाला ना कशाला धरून परत येत होत्या. परवा तर एकच चप्पल घालून आल्या. दुसरी कुठं गेली, त्यांना सांगता येईना. हौसराव त्यावरून बराच वेळ बोलले होते. चप्पल नवी होती.

त्याच आठवड्यात कासुर्डीहून साडू आले. पोपटराव आधी हायवेला प्लॉट विकायचे. आता प्लॉट संपले होते, त्यामुळं ते आरोग्याकडं वळले होते. मोटारसायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या पांढऱ्या डब्या, डबीत काळ्या गोळ्या. मोबाईलमध्ये माणसांचे जोडीजोडीनं फोटो होते. आधीचा फोटो गळाठलेल्या माणसाचा, नंतरचा गालफुगल्या माणसाचा.

“ह्यात काय हाय पाव्हणं?” हौसरावांनी गोळी हातात घेऊन विचारलं.

“हिमालय हाय.”

“सगळा?”

“अर्क.”

“डबीवर तर काय लिवल्यालं न्हाई.”

“लिवायला लागतं ते कंपनीवाल्यांना. खऱ्या मालाला कागूद लागत न्हाई. हायवेला पुण्याची माणसं गाड्या थांबवून नेत्यात माझ्याकडनं. गुडघा, कंबर, अशक्तपणा, झोप, भूक. पाव्हणं, तुमच्यासाठी म्हणून ही शेवटची डबी ठिवली व्हती.” पिशवीत अजून बऱ्याच शेवटच्या डब्या दिसत होत्या.

पण हौसरावांचा जीव भांड्यात पडला. पोपटराव विकत होते. माणूस विकायला आलाय हे स्वच्छ दिसत होतं, त्यात लपवाछपवी कसलीच नव्हती. शिवाय साडू. त्यांनी डबी ठेवून घेतली.

मात्र हौसराव आंधळेपणानं काही करणारे नव्हते. पूर्वी एकदा नव्या टॉनिकानं त्यांचा सगळा झेंडू जळाला होता. तेव्हापासून कुठलंही नवं औषध ते आधी एकाच सरीला मारत. शेजारची सरी तशीच, बिनऔषधाची ठेवत. रोज सकाळी दोन्ही सऱ्या उन्हात बघायच्या, फरक दिसला तरच पंप सगळ्या रानात फिरवायचा. तोच कायदा त्यांनी घराला लावला. गोळ्या स्वतः खायला सुरुवात केली. आणि पुतळाबाईंना काही न सांगता बिनऔषधाची सरी म्हणून सोडून दिलं.

फरक लगेच दिसला. दुसऱ्याच दिवशी हौसरावांचा कित्येक वर्षं दुखणारा गुडघा बोलायचा थांबला. तिसऱ्या दिवशी भुकेचा असा काही आगडोंब उसळला की पुतळाबाईंना पुन्हा पीठ मळावं लागलं. हौसरावांनी गोठा झाडला, बांध घातला, शेजाऱ्याचाही थोडा बांध घातला, त्यावरून शेजाऱ्याशी भांडले आणि तरी दमले नाहीत. काही दिवसांनी आरशात बघितलं तर गाल वर आलेले. नंतरच्या फोटोतला माणूस.

रोज सकाळी ते पुतळाबाईंना अंगणात उन्हाकडं तोंड करून उभं राहायला सांगत आणि जरा लांब जाऊन डोळे बारीक करून बघत.

“काय बघताय वो?”

“काय न्हाई. जरा कडंला वळ.”

पुतळाबाई वळल्या. वळताना तोल गेला, तुळशीवृंदावन धरलं. “गिऱ्हाईक आणताय का काय मला?”

“काय बी बोलती.”

“न्हाई, परवाच्याला तांबडी गाय इकली तवाबी तुम्ही तिला अशीच फिरवून बघत व्हता.”

 हौसरावांनी मनात नोंद केली: औषधाची सरी ताठ, बिनऔषधाची सरी सुकलेली. प्रयोग साधला होता. आता पंप सगळ्या रानात फिरवायला हरकत नव्हती.

पुतळाबाई त्या दिवशीही सावडीला गेल्या, आणि दुपारी आळीतल्या गिताबाईंच्या रानातून हाका आल्या.

हौसराव पोचले तेव्हा पुतळाबाई बांधावर बसल्या होत्या. कमरेपासून केसांपर्यंत चिखल. हातात रोपाची जुडी तशीच धरलेली. त्यांच्यामागं वाफ्यात, माणूस आडवं पडल्याची जागा लागलेल्या रोपांवर स्पष्ट उमटली होती. बाया उभ्या होत्या, पण कुणी बोलत नव्हतं.

“घसरले,” पुतळाबाई म्हणाल्या.

हौसरावांना तो सगळ्यांचा गप्पपणा खुपला. आपल्याच बायकोनं दुसऱ्याचा वाफा लोळवून टाकला, आणि आता सावडीतून नाव जाणार, एवढंच त्यांना दिसलं. “पुरं झालं नाटक,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “ऊठ आन् लाव परत.”

पुतळाबाई उठल्या. कुणाचा हात न धरता उठल्या, दोन पावलं वाफ्यात टाकली, आणि तिसऱ्या पावलाला पाय कुठं पडलाय हेच न कळल्यासारख्या जाग्यावर कोसळल्या. ह्या वेळेला त्यांनी घसरले असंही म्हटलं नाही.

 गिताबाई आणि आणखी एकीनं पुतळाबाईंना झाडाखाली नेलं. रोपाची जुडी चिखलात पडली होती. हौसरावांनी ती उचलली, धोतर वर खोचलं आणि ते बायकोच्या वाफ्यात जाऊन उकिडवे बसले.

सावडीत हे कधी झालं नव्हतं. बाईच्या बदल्यात बाई, हा रिवाज. मिशीवाली बाई सावडीत धरायची कशी, यावर बायांनी रोप लावता लावताच खल केला.

“हात बघा आप्पांचं. रोप लावत्यात का खुंटा ठोकत्यात?”

“आगं, खुंट्याला गाय बांधायची असंल.”

“मी म्हणते,” गिताबाईंनी निवाडा दिला, “आप्पा दोन दिस आलं तर एक बाई धरायची. चालंल का आप्पा?”

“चालंल,” हौसराव म्हणाले. आयुष्यात कुणी त्यांना अर्ध्यावर धरलं नव्हतं, पण मान खाली घालायला कांद्याच्या वाफ्याइतकी सोयीची जागा दुसरी नसते.

जरा वेळानं गिताबाई सरकत सरकत त्यांच्या शेजारी आल्या. हात थांबला नाही. “आप्पा, चिडू नगा. तिला पायात चप्पल हाय का न्हाई हेबी कळत न्हाई. मागं येक चप्पल सावडीच्या रानात चिखलात राह्यली, ही तशीच चालत घरी गेली. काटा रुतला तरी कळंना. म्या इचारलं तर म्हणली, आप्पांना सांगू नगस, सावड मोडंल.”

हौसरावांनी रोप लावलं. मग ते उपटून पुन्हा नीट लावलं.

घरी आल्यावर त्यांनी डबी काढली. “ह्या गोळ्या. आजपासून तुला. म्या खाऊन बघितल्यात.”

पुतळाबाईंनी डबीकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या फुगलेल्या गालांकडं. “ह्यात काय हाय?”

“हिमालय.”

“मला गिताच्या वाफ्यात उभं ऱ्हाता येईना, हिमालय कुठं पेलवायचा? आन् तुम्ही इतकं दिस मला जनावरागत निरखताय, आता गोळी देताय. मी न्हाई खात. आधी सारिकेला दावा.”

“ती काय सांगणार? ती तर बाटली बी देईना.”

“म्हणूनच दावा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका दुकानाची फळी काढत होती तोच हौसराव हजर. तिनं डबी फिरवून फिरवून बघितली. खाली, वर, झाकणाच्या आत. मग गोळी हुंगली.

“खाल्ल्या कुणी?”

“म्या.”

“गुडघा लगेच थांबला?”

“व्हय.”

“भूक वाढली? झोप कमी? चिडचिड? कुणाशी भांडलात?”

हौसराव मागं सरकले. “तुला कुणी सांगितलं? पोपटरावचा फोन आला व्हता का?”

“कोण पोपटराव? आप्पा, डबीवर नाव नाही, बॅच नाही, तारीख नाही, कुणी केल्या ते नाही. आणि दुखणं दुसऱ्या दिवशी पळालं. ह्यात बहुतेक स्टिरॉईड कुटून घातलंय. मी इथं बसून सिद्ध करू शकत नाही. पण ही गोळी मी कुणाला देणार नाही, आणि तुम्ही डबी तशीच घेऊन डॉक्टरला दाखवायची. बीपी-साखर बघायला सांगायची.”

“पण गुण आला की. म्या येक सरी मारून बघितली ना. मला गोळी, तिला न्हाई. फरक डोळ्याला दिसतोय.”

सारिका खुर्चीवर बसली. तिला सगळी सरी समजायला थोडा वेळ लागला.

“म्हणजे करपा एका वाफ्यावर आलाय. तुम्ही औषध मारलं शेजारच्या धडधाकट वाफ्यावर. तो हिरवा राहिला. करप्याचं काय कळलं?”

हौसरावांनी फळीवरची धूळ बोटानं पुसली. “काय न्हाई कळलं.”

“शेतीच्या बाटलीचं सील, बॅच, तारीख बघता का?”

“भिंग लावून बघतो.”

“मग ही?”

“साडू हाय.”

सारिका हसली नाही. “माझ्यावर एवढा संशय घेता, त्यातला जरा डबीवर घ्यायचा की. काकींचं सांगा. रक्त तपासलं?”

तेव्हा हौसरावांनी चपलेचं सांगितलं. वाफ्यातलं सांगितलं. नाटक म्हटल्याचं सांगितलं नाही. सारिकानं हातातला चहा खाली ठेवला.

“आज जा. उद्या नाही, आज. पायाची नस सुकत चालली असेल तर एका हद्दीनंतर ती माघारी येत नाही, मग दौंड करा नाहीतर मुंबई करा. दुकानातली कुठलीही बाटली मग कामाची नाही. कळलं का आप्पा?”

हे मात्र हौसरावांना कळलं. रोप उतरलं की उतरलं.

पुतळाबाईंना घेऊन दौंडला त्यांनी पहिली ल्याब गाठली आणि रक्त काढणाऱ्या पोरीला विचारलं, “सारिकाला वळखता का? वडगावची मेडिकलवाली.”

“नाही बाबा.”

“बरं,” म्हणून ते बाहेर आले. ओळख लपवतात म्हणजे नक्कीच ओळख असणार. दुसऱ्या ल्याबमध्येही कुणी सारिकाला ओळखत नव्हतं. हौसरावांना तो कट फारच मोठा वाटू लागला. ते तिसरी शोधायला निघाले तेव्हा पुतळाबाई रस्त्याकडच्या पायरीवर खाली बसल्या.

“आता मागारी फिरा आन् त्याच पोरीकडं चला. न्हाईतर मी हितंच रगत काढते.”

रक्त त्याच पोरीनं काढलं. संध्याकाळी कागद मिळाला तशी दोघं डॉक्टरकडं गेली. डॉक्टर म्हातारे होते, कमी बोलणारे. त्यांनी पुतळाबाईंची जीभ बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. पुतळाबाई डोळे मिटताच कलल्या आणि डॉक्टरांनीच त्यांना सावरलं. ल्याबच्या कागदावर बी-ट्वेल्व्हचा आकडा होता, तो जवळपास नव्हताच.

“इंजेक्शनं घ्यायची. आधी रोज, मग हळूहळू अंतरानं. चुकवायची नाहीत. पायाची जाण येईल परत, सावकाश येईल. किती येईल ते आत्ता सांगत नाही. लवकर आला असतात तर बरं झालं असतं.”

“दूध-दही, जेवणावर चहा नको, उपास कमी,” असंही ते म्हणाले. मग त्यांनी डबी बघितली, हौसरावांचं बीपी बघितलं, साखर बघितली आणि त्यांचाही वेगळा कागद केला. बायकोला दाखवायला आलेले हौसराव स्वतःच्या गोळ्या घेऊन बाहेर पडले.

एसटीत त्यांनी दोघांचे कागद पिशवीत घातले. मग म्हणाले, “सारिका जे बोलली तेच हा बोलला. अक्षीच तेच. दोघं मिळाल्यालं दिसत्यात.”

“दोन माणसं एकच बोलली की ती मिळाल्याली,” पुतळाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “आन् येगळं बोलली की एक खोटं. तुमच्या म्होरं माणसानं बोलावं तरी कसं?”

दुसऱ्या दिवशी हौसरावांनी धारेतलं दूध घरात ठेवून उरलेलं डेअरीत नेलं. माप घेणारा सम्राट कॅनमध्ये डोकावला.

“आप्पा, गाय आटली का?”

“न्हाई.”

“मग पाणी घालायचं सोडलं का?”

रांगेतली माणसं हसली. हौसरावांनी कॅन उचलला आणि ते घरी आले. पुतळाबाई पेला हातात धरून बसल्या होत्या. घरच्या गाईचं दूध त्यांनी कित्येक वर्षं फक्त मापलं होतं. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“काय घातलंय ह्यात?”

“काय न्हाई.”

“मग असं का लागतंय?”

“दुधागत लागत असंल.”

उपासांचा प्रश्न जरा लांबला. पुतळाबाईंनी देवांशी एकेक करून बोलणी केली. शनिवार सुटला, गुरुवार सुटला, सोमवारावर गाडी अडली. शेवटी सोमवारी दूध चालतं, असं त्यांनी स्वतःच ठरवून घेतलं. जेवायला दोघं एकदम बसू लागली. पहिले काही दिवस दोघांनाही ते अवघड गेलं. समोर कुणीतरी बसून खातंय म्हटल्यावर किती वाढून घ्यावं ते हौसरावांना कळेना, आणि आधी कुणी उठायचं ते पुतळाबाईंना.

इंजेक्शनं चालू राहिली. सावड हौसरावांनी भागवली, अर्ध्या भावानं. पुतळाबाईंच्या एकेका दिवसासाठी ते दोन दोन दिवस उकिडवे बसले. पोपटरावांच्या गोळ्या बंद झाल्यापासून गुडघा पुन्हा बोलू लागला होता. बायांनी त्यांना गाणं म्हणायला लावलं, त्यांना येत नव्हतं, तर टाळ्या वाजवायला लावल्या.

आणि शेवटी त्यांची पाळी आली. रोप हाताबाहेर चाललंच होतं. शेंडे छाटून जुड्या बांधल्या. पहाटे बाया येतील की नाही याची हौसरावांना खात्री नव्हती. अर्ध्या माणसानं फेडलेली सावड पुरी धरतात का, हे कुणी स्पष्ट बोललं नव्हतं. पण बाया आल्या. सगळ्या आल्या. त्यांच्याआधी पुतळाबाई काठी टेकत रानात गेल्या होत्या आणि एका वाफ्याच्या तोंडाशी बसून होत्या.

“तुला डॉक्टरनं काय सांगितलंय?” हौसराव म्हणाले.

“बसून काम करा म्हणलाय. बसलेच हाय. घरच्या वाफ्यात मी न्हाई तर ही सावड कुणाची?”

बाया एकेक वाफा धरून बसल्या. पुढं लागण आणि मागून पाणी. हौसराव खोरं घेऊन पाटावर उभे. वाफा लागून झाला की त्याचं मातीचं दार मोडून पाणी आत सोडायचं, भरला की बुजवायचं. लाईट दुपारपर्यंतच होती. मोटर चालू आहे तोवर सगळं रान भिजायला हवं, नाहीतर लागलेलं रोप तसंच कोरड्यात होरपळणार.

उन्हं वर आली. एकेक वाफा पाणी पिऊन काळा होत गेला. आणि मग बाया उठून पलीकडच्या बांधावर जाऊन बसल्या. सगळ्या. नुसत्याच बसल्या, पाण्याचा तांब्याही फिरवला नाही.

हौसरावांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. आता ह्या बोलणार. अर्ध्या माणसाचा हिशेब आता काढणार, ऐन लाईट जायच्या वेळी. “का बसल्या गं?” त्यांनी लांबूनच आवाज दिला. “अजून तुकडा ऱ्हायलाय की!”

“दमलो आप्पा,” गिताबाई म्हणाल्या.

गिताबाई दमलेल्या हौसरावांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. त्यांचा संशय पक्का झाला. खोरं खांद्यावर टाकून ते बांधाकडं चालू लागले. आणि वाटेत, दोन भिजलेल्या वाफ्यांच्या मधे, त्यांना पुतळाबाई दिसल्या.

त्यांचा वाफा अर्धाच झाला होता. त्या एक रोप लावत, मग हात जमिनीवर टेकून पायाकडं बघत, पाय नजरेनं उचलून पुढं ठेवत, मग पुढचं रोप लावत. पुढच्या तुकड्याकडं जायचं तर सगळ्याजणींना ह्यांना ओलांडून, मागं टाकून जावं लागलं असतं. म्हणून बाया ‘दमल्या’ होत्या.

पाटातलं पाणी पुतळाबाईंच्या वाफ्याच्या दाराशी येऊन थटलं होतं. चढत होतं. बांध पातळ झाला होता, अजून बोटभर चढलं की दार आपसूक फुटून सगळा लोंढा त्यांच्या पायात. पाणी थांबवायचं तर मोटर बंद करायला विहिरीपर्यंत जायचं, तोवर दार फुटणार; आणि पाणी दुसरीकडं वळवलं तर उरलेल्या वेळात सगळं रान भिजणार नाही.

हौसरावांनी लाईटच्या खांबाकडं पाहिलं. मग पाट पलीकडच्या बाजूनं फोडला. पाणी खळाळत गाईंच्या चाऱ्याच्या कडवळात शिरलं. कडवळाला कालच पाणी दिलं होतं.

पुतळाबाईंनी आवाज ऐकून मान वर केली. “पाणी कुठं चाललंय?”

“कडवळाला.”

“कडवळाला कालच दिलंय की.”

“ऊन लय हाय आज,” हौसराव म्हणाले आणि खोऱ्यावर हनुवटी टेकून कडवळाकडं बघत राहिले.

पुतळाबाईंनी त्यांच्याकडं बराच वेळ संशयानं पाहिलं. मग पाय उचलून पुढं ठेवला आणि पुढचं रोप लावलं.